प्लायवूडला आयएसआय, वायरमनला परवाना. मग इंटिरियर डिझायनरला सरकारी शिक्का का नाही?

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर पातूर येतं. तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषदेचं गाव. वऱ्हाडातल्या इतर गावांसारखंच इथंही धाब्याची, मातीची घरं जाऊन स्लॅबची घरं येताहेत. पूर्वी घर बांधून झालं की सुतार यायचा आणि मग रंगारी. आता त्या दोघांच्या आधी इंटिरियरवाला येतो. मोबाईलवर थ्रीडी चित्रं दाखवतो, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन आणि टीव्ही युनिट धरून एक आकडा सांगतो आणि अॅडव्हान्स घेऊन कामाला लागतो.

समजा, पातूरमधल्या एका कुटुंबाने असं ६ लाखांचं काम दिलं. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून कपाटाची दारं फुगली. किचनच्या ट्रॉलीला वाळवी लागली. फोन केला तर डिझायनर म्हणतो, "दुसऱ्या साइटवर आहे, बघतो." महिना गेला, दोन महिने गेले. शेवटी घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, याचं लायसन्सच रद्द करायला लावू.

अडचण इथेच आहे. रद्द करायला लायसन्स मुळात नसतंच.

भारतात इंटिरियर डिझायनर म्हणून काम करायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. डिग्री असो वा नसो, उद्या सकाळी कुणीही 'इंटिरियर डिझायनर' अशी पाटी लावू शकतो आणि त्यात बेकायदेशीर काहीच नाही. असं का आहे? हे बदलायला हवं का? आणि तोवर ग्राहकाने काय करायचं? नीट समजून घेऊ.

आर्किटेक्टला कायदा आहे, इंटिरियर डिझायनरला नाही

आर्किटेक्टसाठी देशात १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे. त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था स्थापन झाली. मान्यताप्राप्त पदवी घेऊन तिथे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. प्रत्येक आर्किटेक्टला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. व्यावसायिक गैरवर्तन झालं तर कौन्सिलकडे तक्रार करता येते.

पण या कायद्यात एक बारकावा आहे. तो नेमकं काय अडवतो? आर्किटेक्टचं काम करणं की 'आर्किटेक्ट' हे नाव लावणं? हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मार्च २०२० मध्ये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कायद्याचं कलम ३७ फक्त उपाधीचं संरक्षण करतं, असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसाने डिझाइनचं काम केलं तर या कलमाने ते रोखता येत नाही, पण 'आर्किटेक्ट' असं लिहिलं तर रोखता येतं.

इंटिरियर डिझायनरच्या बाबतीत एवढंही नाही. ना कामाला अडसर, ना नावाला. मात्र पाटीवर 'इंटिरियर आर्किटेक्ट' असं लिहिलेलं दिसलं, तर नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण 'आर्किटेक्ट' हा शब्द आला की १९७२ चा कायदा आलाच.

मग ऑफिसात टांगलेली ती सर्टिफिकेटं कसली?

डिझायनरच्या ऑफिसात भिंतीवर चार-पाच फ्रेम दिसतात. त्यातल्या बऱ्याच सरकारी असतात, पण त्यांचा कौशल्याशी संबंध असेलच असं नाही.

गुमास्ता: महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार कामगार कमी असतील तर फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते, ठरावीक संख्येपेक्षा जास्त असतील तर नोंदणी करायची असते. दुकान आहे एवढंच यातून कळतं.

जीएसटी क्रमांक: इंटिरियर डिझाइन ही जीएसटीच्या यादीतली सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे कर घेताना सरकार या व्यवसायाला ओळखतं, दर्जा तपासताना ओळखत नाही.

उद्यम नोंदणी: ही मोफत आणि स्वतःच्या घोषणेवर मिळते. व्यवसाय लहान आहे की मध्यम, एवढंच ती सांगते.

डिप्लोमा किंवा पदवी: हा खरा शिक्षणाचा पुरावा. आयटीआयचा इंटिरियर डिझाइनचा कोर्स एक वर्षाचा असतो. तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा, कला संचालनालयाचे अभ्यासक्रम आणि विद्यापीठांच्या पदव्याही आहेत. पण चार वर्षांची पदवी आणि तीन महिन्यांचा खासगी क्लास, दोघांच्या पाटीवर शब्द तोच असतो.

संस्थेचं सदस्यत्व: इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स, म्हणजे आयआयआयडी, ही १९७२ मध्ये सुरू झालेली या क्षेत्रातली जुनी संघटना. सदस्यत्वासाठी तिच्या अटी आहेत. पण ती व्यावसायिकांची संघटना आहे. सदस्य नसलेल्याला काम करण्यापासून ती रोखू शकत नाही.

विश्वकर्मा कार्ड: सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात सुतार आहे. नोंदणी झालेल्या सुताराला प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणजे गंमत बघा, कपाट बनवणाऱ्या हाताला केंद्र सरकारचं ओळखपत्र मिळू शकतं, कपाटाचं चित्र काढणाऱ्याला नाही.

सरकारी शिक्क्याचे तीन प्रकार

हा सगळा गोंधळ समजून घ्यायचा तर तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिला प्रकार परवान्याचा. परवाना नसेल तर काम करायचंच नाही. घरातली वायरिंग याच प्रकारात येते. ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि परवाना असलेल्या वायरमनने करायचं असतं, कारण चूक झाली तर माणूस मरतो.

दुसरा प्रकार उपाधीच्या संरक्षणाचा. काम कुणीही करा, पण नाव नोंदणी असलेल्यानेच लावा. आर्किटेक्टचं उदाहरण वर आलंच.

तिसरा प्रकार ऐच्छिक प्रमाणपत्राचा. घेतलं तर चांगलं, नाही घेतलं तरी काम चालू. आयटीआय, डिप्लोमा, विश्वकर्मा कार्ड यात मोडतात.

इंटिरियर डिझायनरच्या वाट्याला फक्त तिसरा प्रकार आला आहे. त्याच्या आजूबाजूला बघा. महारेराने २०२३ पासून रिअल इस्टेट एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्लायवूडला भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. साध्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१०. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकला की तो खरा आहे की नाही ते कळतं. घर विकून देणारा एजंट, त्यात लागणारी प्लायची शीट, वायर ओढणारा वायरमन, या सगळ्यांना तपासायची सोय आहे. या सगळ्यांना एकत्र आणून काम करवून घेणारा माणूस मात्र कोणत्याही सरकारी यादीत सापडत नाही.

पण पडदे आणि रंगाला परवाना कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सोफ्याचा रंग चुकला म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण इंटिरियरचं काम रंगापाशी थांबत नाही.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळची महापालिकेची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण मेले. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांवर पोलिसांनी बोट ठेवलं होतं.

हे मुंबईचं झालं. पातूरसारख्या गावात चार मजली इमारती कमी, म्हणून धोका नाही असं समजू नका. उलट इथं आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्लॅबच्या नव्या घरात भार खांब आणि बीम उचलतात. जुन्या विटा-मातीच्या घरात खांबच नसतात, भार भिंतच उचलते. त्यामुळे 'हॉल मोठा दिसेल' म्हणून मधली भिंत काढायची कल्पना एका घरात चालून जाईल, दुसऱ्या घरात छत खाली आणेल. त्यात वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना आधीच तडे असतात. कोणती भिंत काढायची आणि कोणत्या बीमला कटर लावायचा नाही, हे थ्रीडी चित्रात दिसत नाही.

कायदा इथे अगदीच गप्प नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून नगरपरिषदांच्या हद्दीतही लागू आहे. रंग, प्लॅस्टर, फरशी अशा किरकोळ कामांना बांधकाम परवानगी लागत नाही. पण इमारतीच्या रचनेला धक्का लागेल असा बदल करायचा तर परवानगी लागते आणि नकाशावर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. म्हणजे धोक्याचं काम आधीच परवाना असलेल्या माणसाच्या नावावर आहे. पोकळी आहे ती मधे. साइटवर रोज उभा राहून "ही भिंत काढा" असं सांगणारा माणूस अनेकदा यातला कुणीच नसतो.

अमेरिकेत काय झालं?

इंटिरियर डिझायनरला परवाना असावा का, हा वाद अमेरिकेत चार दशकं चालू आहे. तिथे हा विषय राज्यांच्या हातात आहे. एनसीआयडीक्यू नावाची एक परीक्षा आहे, ती बरीच राज्यं प्रमाण मानतात.

अलाबामा राज्याने १९८२ मध्ये पहिल्यांदा उपाधीचं संरक्षण करणारा कायदा केला. नंतर पुढे जाऊन परवाना नसलेल्यांना कामच करता येणार नाही असा कायदा आणला. तो २००७ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला. फ्लोरिडामध्ये दुकानं, ऑफिसं, हॉटेलं यांच्या इंटिरियरसाठी परवाना लागायचा, राहत्या घरांना सूट होती. २०२० मध्ये ती सक्ती काढली गेली आणि ऐच्छिक नोंदणी आली. ज्याने नोंदणी केली त्याला विशिष्ट नकाशांवर सही-शिक्का करून परवानगीसाठी अर्ज करता येतो. बाकीचे आपलं काम करत राहू शकतात.

परवान्याच्या बाजूचे लोक सुरक्षेचा मुद्दा मांडत होते. आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, छताला लावलेलं साहित्य किती वेगाने पेटतं, हे कळणारा माणूस हवा. विरोधक म्हणत होते की परवाना हे जुन्या लोकांनी नव्यांसाठी दार बंद करायचं साधन आहे. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं.

पातूरमध्ये परवाना सक्तीचा केला तर?

समजा उद्या महाराष्ट्राने ठरवलं की पदवी आणि परवाना असल्याशिवाय इंटिरियरचं काम करायचं नाही. मोठ्या शहरात फारसं अडणार नाही. पण तालुक्याच्या गावात हे काम आज कोण करतं? बापाच्या हाताखाली शिकलेला सुतार, आयटीआय करून परत आलेला मुलगा, हार्डवेअरच्या दुकानातून या धंद्यात आलेला माणूस. त्यांच्याकडे पदवी नाही, हातात काम आहे. सक्ती आली तर एकतर ते बाहेर फेकले जातील किंवा दुसऱ्याची सही विकत घेऊन काम करतील. सही विकत घ्यायची पद्धत आली की ग्राहक होता तिथेच राहील, फक्त खर्च वाढेल.

पूर्वी गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. त्याला परवाना नव्हता, पण तो त्याच गावात राहायचा आणि काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी समोर दिसायचा. ती व्यवस्था जातीने बांधलेली होती, तिच्याकडे परत जायचं कारण नाही. पण ओळखीचा तो धाक आज राहिला नाही आणि त्याच्या जागी कायद्याचा धाकही आला नाही, हे खरं आहे.

म्हणून मधला रस्ता जास्त पटतो. परीक्षा किंवा अनुभवावर मिळणारी ऐच्छिक नोंदणी, जिचा क्रमांक कुणालाही ऑनलाइन तपासता येईल, जिच्याकडे तक्रार करता येईल आणि जिच्यात अनुभवी सुतारालाही जागा असेल. सोबत एक साधी सक्ती हवी. खांब, बीम, भार उचलणारी भिंत आणि वायरिंग यांना हात लावायचा तर परवानाधारक माणसाची सही साइटवर असलीच पाहिजे, काम घेणारा कुणीही असो.

नोंदणी नसल्याचा फटका डिझायनरलाही बसतो

मे २०१८ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या अलिबागजवळ इंटिरियर डिझायनर अन्वय नाईक आणि त्यांच्या आई यांचे मृतदेह त्यांच्या घरात सापडले. थकलेल्या बिलांचा उल्लेख असलेली चिठ्ठी मिळाली. ज्यांची नावं आली त्यांनी आरोप फेटाळले. २०२० मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं ते राजकारणामुळे. पण पूर्ण केलेल्या कामाचे पैसे अडकले तर डिझायनरने जायचं कुठं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

आज एक वाट आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, असं एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. मात्र साहित्य आणि मजुरीसह घेतलेल्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, यावर कोर्टांत वाद झाले आहेत. त्यामुळे डिझाइनचं बिल आणि प्रत्यक्ष कामाचं बिल वेगळं ठेवणं शहाणपणाचं.

आज काम बिघडलं तर ग्राहकाने काय करायचं?

लायसन्स नाही म्हणून दाद नाही, असं अजिबात नाही. घरबांधणी ही 'सेवा' आहे आणि ती ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. पैसे घेऊन केलेलं इंटिरियरचं कामही सेवाच आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे डिझायनर पुण्याचा असला तरी पातूरचं कुटुंब अकोल्याच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावायची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगाकडे जायचं.

दुकानाच्या इंटिरियरचं थोडं वेगळं आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळली आहे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेलं छोटं दुकान असेल तर मालकाला ग्राहक मानलं जाऊ शकतं.

आयोगापुढे सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं? कागद. आणि तो काम सुरू होण्याआधीच करायचा असतो.

अॅडव्हान्स देण्याआधी एवढं करा

१. कोटेशनमध्ये 'चांगल्या क्वालिटीचं प्लाय' असं चालवून घेऊ नका. कंपनी, जाडी, ग्रेड आणि आयएस क्रमांक लिहून घ्या. किचन आणि बाथरूमजवळ पाण्याला टिकणारं बीडब्ल्यूआर ग्रेडचं किंवा मरीन प्लाय मागा. शीट साइटवर आली की शिक्क्याचा फोटो काढा.

२. दर स्क्वेअर फुटावर आहे की रनिंग फुटावर आणि मोजमाप कसं धरणार, हे आधी ठरवा. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

३. पैसे टप्प्याटप्प्याने आणि बँकेतून द्या. शेवटचा काही हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवता आला तर उत्तम.

४. ओल, वाळवी, बिजागऱ्या यांची दुरुस्ती किती महिने मोफत मिळणार, ते तारखेसह लिहून घ्या.

५. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. योग्य प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून देता येतं.

६. भिंत काढायची असेल, स्लॅबला भोक पाडायचं असेल किंवा खांबाला खाच मारायची असेल तर काम थांबवा. आधी इंजिनिअरला बोलवा आणि त्याचं मत लेखी घ्या. वायरिंग करणाऱ्याचा परवानाही बघा.

इंटिरियर डिझायनरला 'तुमचं लायसन्स दाखवा' असं म्हणून आज तरी उपयोग नाही, कारण ते कुणाकडेच नाही. त्याऐवजी विचारा, "या कामात सही कुणाची आहे?" चांगल्या डिझायनरकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, मग त्याच्याकडे पदवी असो की बापाकडून आलेला रंधा. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला अॅडव्हान्स द्यायची घाई करू नका.